सुट्या भागांची बखर

यादी लांब आणि पाकीट आखूड, ही गोष्ट दिवाळीच्या दिवसांत कापडाच्या दुकानात जितकी खरी, तितकीच कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानातही खरी आहे. ज्या घरात खेळांचे वेड असलेले कॉलेजातले पोर आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी अशी यादी एव्हाना पाहिली असेल. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट; समोर आकडे, खाली बेरीज, आणि बेरजेवर खोडाखोड. एक ओळ वर चढवावी तर दुसरी खाली उतरवावी लागते. वडीलधाऱ्यांना वाटते, एवढी खटपट कशाला? चांगल्या कंपनीचे तयार यंत्र आणावे आणि मोकळे व्हावे. पोराला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे त्याला नीट सांगताही येत नाही. त्याच्या वतीने ते सांगण्याचा हा खटाटोप आहे. त्या खोडाखोडीमागे चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बहुतांशी बेताच्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांनी घडवलेला आहे.

पहिला प्रश्न असा की, भाग निवडता येतात हेच मुळी कसे घडले? स्कूटर घेताना इंजिन एका कारखान्याचे आणि चाके दुसऱ्याची, असे कोणी मागत नाही. फ्रीज घेताना आतला कॉम्प्रेसर आपण पसंत करत नाही. मग या एकाच यंत्राला अशी मुभा कोणी दिली? खरे पाहता कोणीच दिली नाही. घाईगर्दीत ती राहून गेली, आणि पुढे परत घ्यायची म्हटले तरी घेता आली नाही.

१९८० साली आयबीएम या अमेरिकेतल्या बड्या कंपनीने ठरवले की, घरगुती आणि लहान कचेऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या बाजारात आपणही उतरायचे, आणि तेही वर्षभरात. आयबीएमचा खाक्या असा की, खिळ्यापासून सारे आपल्याच कारखान्यात घडवायचे. त्या खाक्याने गेले असते तर वर्षे लागली असती. म्हणून फ्लॉरिडातल्या बोका रॅटन गावी एक लहान तुकडी वेगळी बसवली, आणि तिला बाहेरचे भाग विकत घेण्याची मोकळीक दिली. प्रोसेसर इंटेलचा घेतला, कारभार चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, फ्लॉपी फिरवणारी पेटी टॅन्डन कंपनीची घेतली. हे टॅन्डन मूळचे पंजाबातले, हे जाता जाता सांगून ठेवतो. १२ ऑगस्ट १९८१ रोजी यंत्र जाहीर झाले. किंमत १,५६५ डॉलर. एवढ्या पैशांत मेमरी १६ किलोबाइट, आणि पडदा वेगळा घ्यायचा. आत पाच खाचा मोकळ्या ठेवल्या होत्या, ज्यांत इतरांनी बनवलेली कार्डे बसावीत. कार्डे बनवणाऱ्यांना अडचण पडू नये म्हणून विजेच्या जोडणीचे नकाशेही कंपनीने पुस्तकात छापून विकले. दुकानाच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे ठेवाव्यात तसाच हा प्रकार.

एक किल्ली मात्र कंपनीने जवळ ठेवली होती. यंत्र सुरू होताच जी मूळ आज्ञावली जागी होते, तिला बायॉस म्हणतात. ती पुस्तकात छापलेली असली तरी तिच्यावर कायद्याने हक्क होता. नक्कल केली की खटला. ह्यूस्टन शहरात १९८२ मध्ये तिघा नोकरदारांनी आपापल्या नोकऱ्या सोडून कॉम्पॅक ही कंपनी काढली. आपल्या पहिल्या यंत्राचे चित्र त्यांनी एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर काढले होते, अशी त्यांची हकीकत सांगतात. बायॉसच्या बाबतीत त्यांनी जी युक्ती केली ती कोणाही वकिलाने दाद द्यावी अशी आहे. एका तुकडीने आयबीएमची आज्ञावली वाचायची, आणि ती काय काय काम करते एवढेच साध्या भाषेत लिहून काढायचे. दुसऱ्या तुकडीने मूळ आज्ञावली डोळ्यांनीही पाहायची नाही. फक्त ते वर्णन वाचून आपल्या बुद्धीने नवी लिहायची. काम तेच झाले, नक्कल मात्र एका अक्षराचीही नाही. १९८४ मध्ये फीनिक्स नावाच्या कंपनीने याच रीतीने तयार केलेला बायॉस मागेल त्याला विकायला काढला, आणि मग मदरबोर्ड बनवणाऱ्यांची रांगच लागली. तैवानात तर तो मोठा धंदाच झाला.

आयबीएमला चूक उमगायला वेळ लागला. १९८७ मध्ये तिने यंत्रांची नवी मालिका काढली आणि आतल्या खाचांची घडण बदलली. ती वापरायची असेल तर परवाना घ्या, पैसे मोजा. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या, आणि त्यांनी आपली निराळी, जुन्या कार्डांशी जुळणारी खाच जाहीर केली. ती खाच घरोघरी पोचली असे नाही. पण कुलूप घालण्याचा बेत फसला तो फसलाच. १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्डाची लांबीरुंदी, स्क्रूच्या भोकांच्या जागा, विजेचा जोड या सगळ्यांचे एक माप ठरवून दिले. त्याला एटीएक्स म्हणतात. आज कोणत्याही कारखान्याचा बोर्ड कोणत्याही कारखान्याच्या कॅबिनेटात बसतो, त्याचे श्रेय या रुक्ष कागदाला आहे.

आता खेळांकडे वळू. कारण पत्रव्यवहार आणि जमाखर्च यांना कोणतेही यंत्र चालते. भागांची पारख करायला लावली ती खेळांनी.

१० डिसेंबर १९९३ रोजी टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या मंडळीने ‘डूम’ हा खेळ बाहेर सोडला. पहिला भाग फुकट, पुढचे भाग पैसे देऊन. बोळांतून पळायचे, राक्षस मारायचे. कथानकाच्या दृष्टीने त्यात राम नाही. पण यंत्राकडून त्याने जे काम करून घेतले ते विलक्षण होते, आणि त्याचे सगळे गणित पूर्णांकांवर बेतलेले होते. त्यामुळे इंटेलऐवजी स्वस्तातला प्रोसेसर घेतलेला माणूसही डूमच्या बाबतीत सुखात होता. त्याच टेक्सासातली सायरिक्स कंपनी असे प्रोसेसर बनवी. तिने एक नामी पद्धत काढली. चिपेवर खरा वेग न छापता ‘पीआर १६६’ असे छापायचे. म्हणजे ही चिप इंटेलच्या १६६ मेगाहर्ट्‌झच्या पेन्टियमच्या तोडीची समजा. कचेरीच्या कामात ते खोटे नव्हते, आणि किंमत बरीच कमी होती. पुष्कळ शहाण्या माणसांनी ती चिप घेतली.

मग २२ जून १९९६ रोजी त्याच मंडळींचा ‘क्वेक’ आला. या खेळात भिंती, माणसे, छत सगळे खरोखर त्रिमिती होते, आणि त्यासाठी अपूर्णांकांचे गणित लागे, भागाकार लागत. पेन्टियमची खुबी अशी की, एक लांबलचक भागाकार चालू असताना तो दुसरी कामे उरकत राही. गृहिणी दूध तापत ठेवून तेवढ्यात भाजी चिरते तसा. क्वेक लिहिणाऱ्यांनी नेमक्या याच खुबीवर आपली आज्ञावली रचली होती. सायरिक्सच्या चिपेला हे जमेना; ती दुधापाशीच उभी राही. जे यंत्र कचेरीत १६६ च्या तोडीचे, तेच क्वेकमध्ये अडखळू लागले. छापलेला आकडा कोणत्या कामासाठी खरा आहे हे न विचारता घेतलेली वस्तू कशी फसवते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. फसवणूक म्हणावी तर आकडा खोटा नाही. बरोबर म्हणावा तर पोराचा खेळ चालत नाही.

या अडचणीत सापडलेल्यांना एक वाट अनपेक्षितपणे मिळाली. थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने त्रिमिती चित्रे काढण्यासाठीच एक वेगळे कार्ड तयार केले होते. सुरुवातीचा रोख नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांकडे होता, कारण कार्डावरची मेमरी महाग होती आणि घरगुती गिऱ्हाइकाला ती परवडली नसती. पण १९९६ मध्ये मेमरीचे भाव धडाधड कोसळले, आणि तेच ‘वूडू’ कार्ड सुमारे ३०० डॉलरांत घरासाठी विकता येऊ लागले. त्याचे कामही मोठे मजेशीर होते. साधी अक्षरे, साधी चित्रे त्याला येतच नसत. त्यासाठी जुने कार्ड ठेवावेच लागे. जुन्या कार्डातून एक तार निघून वूडूत शिरे, वूडूतून पडद्याकडे जाई. एरवी वूडू नुसते मधल्या मध्ये बसून राही, आणि खेळ सुरू झाला की टक्‌ असा आवाज करून सूत्रे हाती घेई. १९९७ च्या जानेवारीत क्वेकची या जातीच्या कार्डांसाठी केलेली आवृत्ती आली, तेव्हा भिंतींवरचे खडबडीत ठिपके जाऊन त्या गुळगुळीत दिसू लागल्या. यादीतला सगळ्यांत मोठा आकडा ग्राफिक्स कार्डासमोर लिहिण्याची रीत पडली ती इथून.

पण काटकसरी गिऱ्हाइकाचा खरा सुवर्णकाळ म्हणायचा तो १९९८ चा. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी.

इंटेलचा मानाचा प्रोसेसर तेव्हा पेन्टियम टू. गरिबांसाठी म्हणून इंटेलने त्या वर्षी एप्रिलमध्ये सेलेरॉन नावाचा स्वस्त भाऊ काढला, आणि स्वस्त करण्यासाठी त्यातली कॅश काढून टाकली. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे. प्रोसेसरने हाताशी ठेवलेली ती लहानशी, चपळ मेमरी. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबाच म्हणा ना. दर फोडणीला मोहरीसाठी कोठीच्या खोलीत जावे लागले तर स्वयंपाकाचे काय होईल? कॅशविना सेलेरॉनचे तेच झाले आणि त्याची यथेच्छ टवाळी झाली. इंटेलने ती मनावर घेतली. २४ ऑगस्टला नवा सेलेरॉन आला: ‘३०० ए’. यात १२८ किलोबाइटची कॅश होती. पेन्टियम टूची ५१२ ची. पण ती शेजारच्या निराळ्या चिपांत, आणि निम्म्या वेगाने चालणारी. सेलेरॉनची लहान, पण खुद्द प्रोसेसरच्या अंगातच, पूर्ण वेगाची. मोठा डबा दोन पावले दूर, लहान डबा अगदी शेगडीशी. खेळांच्या कामात हा लहान डबा फारसा उणा पडत नव्हता.

पण गंमत पुढेच आहे. मदरबोर्ड एक ताल देतो, आणि प्रोसेसर त्याच्या ठरावीक पटीत चालतो. ३०० ए ची पट साडेचार, आणि इंटेलने ती कुलूपबंद केलेली. कुलपालाही कारण होते: हलक्या चिपा घेऊन त्यांवरचा आकडा पुसून मोठा छापणारे भामटे बाजारात झाले होते. ताल ६६ चा, म्हणजे वेग ३००. पण पट बंद असली तरी ताल मोकळा होता. महागड्या पेन्टियम टूसाठी १०० चा ताल देणारे मदरबोर्ड त्याच वर्षी निघाले होते. त्यातल्या एकावर हा स्वस्त सेलेरॉन बसवून ताल १०० केला की, साडेचार पटीने होतात ४५०! आणि बहुतेक चिपा हा वेग बिनतक्रार पेलत. त्याच २४ ऑगस्टला इंटेलने ४५० चा पेन्टियम टू जाहीर केला होता, घाऊक भाव ६६९ डॉलर. सेलेरॉन ३०० ए चा भाव १४९. उरलेल्या ५२० डॉलरांत दुसऱ्या पिढीचे वूडू कार्ड येऊन वर पैसे राहत.

चिप हा वेग का पेलते, हे कळायला रत्नागिरीची आंब्याची पेटी आठवावी. एकाच बागेतले आंबे, प्रतवारी करून निरनिराळ्या पेट्यांत भरतात. पण स्वस्त पेटीला मागणी उदंड आणि माल सगळाच उत्तम उतरला, तर व्यापारी काय करील? चांगलाच आंबा स्वस्त पेटीत भरील. इंटेलचा कारखाना त्या वर्षी इतका सुरेख माल काढत होता की, ‘३००’ ची चिठ्ठी ही चिपेची ताकद सांगत नव्हती, बाजारातली तिची जागा सांगत होती. हे ज्यांनी ओळखले त्यांनी तैवानच्या अबिट कंपनीचा ‘बीएच ६’ बोर्ड घेतला, कारण त्यात ताल बदलायला पेटी उघडावी लागत नसे. पडद्यावरच आकडा निवडायचा. ज्यांचा बोर्ड आडमुठा होता त्यांनी प्रोसेसरच्या पट्टीवरचा एक विशिष्ट संपर्क, ‘बी २१’, बारीक चिकटपट्टीने झाकला. तेवढ्याने बोर्डाची समजूत पडे की, हा १०० च्या तालाचा पाहुणा आहे.

हे नीतीला धरून होते का, असा प्रश्न एखादा विचारील. मला तरी यात गैर दिसत नाही. दाम मोजून घेतलेली वस्तू गिऱ्हाइकाने आपल्या घरी, आपल्या जबाबदारीवर ताणून पाहिली. चिप जळली असती तर कंपनीने भरपाई दिली नसती, हे त्याला ठाऊक होते. आकडा पुसून दुसऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्या भामट्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. २००० साली एएमडी कंपनीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन या चिपांच्या बाबतीत तर याहून साधा उपाय सापडला. त्यांच्या पाठीवर तोडून ठेवलेले बारीक सोनेरी पूल असत. साध्या शिसपेन्सिलीने ते जोडले की पटीचे कुलूप उघडे, कारण पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते. शाळेत विज्ञानाच्या तासाला हे सांगितले म्हणजे मागच्या बाकावरची मुलेसुद्धा माना वर करतात.

आपल्याकडे हे सारे पोचले ते लॅमिंग्टन रोडवरून. लॉर्ड लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर. रस्त्याचे आताचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून भाग शोधायला जाणारा माणूस जुनेच नाव घेतो. रेडिओचे भाग विकणाऱ्या या रस्त्यावर कॉम्प्युटरचे भाग आले. १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या मालावरील आयातकर उतरवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला, आणि पुढे कर पायरीपायरीने खाली आले. तयार यंत्राला ‘ब्रँडेड’ म्हणत, जुळवून घेतलेल्याला ‘असेम्बल्ड’. संबंध पेटीलाच सीपीयू म्हणण्याची आपली गोड सवयही याच काळातली. घरी वडिलांना ‘अभ्यासासाठी कॉम्प्युटर’ असे सांगितलेले असे, आणि दुकानात कोटेशनच्या चिठ्ठीवर ग्राफिक्स कार्डाची ओळ हळूच लिहिली जाई.

खोटी काटकसर कशी असते, तेही या काळाने दाखवून दिले. १९९९ मध्ये इंटेलच्या ‘८१०’ संचावरचे मदरबोर्ड आले. चित्राची सोय आतच, कार्ड घ्यायला नको. अभ्यासाच्या यंत्राला उत्तम. पण ग्राफिक्स कार्डाची जी वेगवान खाच, एजीपी, तीच त्यांवर नव्हती. आज पैसे वाचले, उद्या पगार वाढल्यावर कार्ड घेऊ, असा हिशेब करणाऱ्याला पुढच्या वर्षी कळे की, कार्ड बसवायला जागाच नाही. आता मदरबोर्डही नवा घ्या. त्याच सुमारास कारखान्यांतून कच्च्या कपॅसिटरांचा माल निघाला. दोन-तीन वर्षांत त्यांची डोकी फुगून फुटत आणि बोर्ड मरे. आणि एसएमपीएसचा तर विषयच सोडा. पेटीवर मोठा वॅटेज छापलेला, हातात घेतली तर पिसासारखी हलकी. ती जाताना एकटी जात नाही, शेजाऱ्यांनाही घेऊन जाते. हिशेब जाणणारा माणूस यादीत कुठेही कात्री लावतो, पण या ओळीला लावत नाही.

थ्रीडीएफएक्स बुडाली, डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता एन्व्हिडियाने घेण्याचे ठरले. इंटेलने तालाचीही दारे पुढे बंद केली आणि ताणता येणारी चिप जास्त दाम घेऊन विकू लागली. तरी २०१७ च्या जानेवारीत ६४ डॉलरांचा ‘पेन्टियम जी ४५६०’ निघाला, आणि दोनच गाभ्यांवर चार कामे पेलणाऱ्या त्या चिपेने स्वस्त यंत्र जुळवणाऱ्यांना काही महिने जुने दिवस दाखवले.

मग पाळी आली ग्राफिक्स कार्डांच्या दुष्काळाची. आभासी नाणी ‘खणणाऱ्यांनी’ २०१७–१८ मध्ये आणि पुन्हा २०२० पासून कार्डे गोळा केली. दुसऱ्या खेपेस साथीच्या रोगाने कारखानेही विस्कळीत झाले होते. छापील किमतीच्या दुप्पट दामही लोकांनी मोजले. शहाण्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेला एएमडीचा ‘५६०० जी’ घेतला, ज्याच्या पोटातच बेताची चित्रशक्ती असते, आणि कार्डाची खाच रिकामी ठेवून वाट पाहिली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या नाण्याने खणण्याची रीतच सोडून दिली, तेव्हा वापरलेली कार्डे ढिगांनी बाजारात आली.

या वेळी वाट पाहून भागेल की नाही, याची मात्र धास्ती आहे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. वूडू कार्ड घरात आणणारी जी वस्तू १९९६ मध्ये कोसळली होती, तीच. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने जाहीर केले की, घरगुती गिऱ्हाइकांसाठी चालवलेला आपला ‘क्रुशल’ हा छाप आपण बंद करत आहोत. माल मोठ्या गिऱ्हाइकांना हवा आहे. सुट्या भागांच्या दुकानातली एक जुनी, भरवशाची फळी अशी रिकामी झाली. त्या दिवसांत ज्यांनी याद्या केल्या, त्यांनी रॅमची ओळ, जी वर्षानुवर्षे तळाशी असे, ती उचलून ग्राफिक्स कार्डाच्या खालोखाल नेली. आणि घरातल्या जुन्या यंत्रातली मेमरीची पट्टी काढून जो नव्यात चालवून घेईल, असा मदरबोर्ड शोधायला बाजार पालथा घातला.